चार्ल्स रोल्स

चार्ल्स स्टुअर्ट रोल्स (२७ ऑगस्ट, १८७७ : लंडन, इंग्लंड - १२ जुलै, १९१० : बोर्नमथ, इंग्लंड) हे ब्रिटिश मोटार-व्यावसायिक आणि वैमानिक होते. रोल्स-रॉईस या कंपनीचे ते सहसंस्थापक. इंजिनाच्या विमानाला झालेल्या अपघातात मृत्यू पावलेले ते पहिले ब्रिटिश नागरिक होत.

जीवन

रोल्स हे पहिले बॅरन लँगॅटॉक यांचे तिसरे पुत्र. वेल्समधील मॉनमथजवळ त्यांच्या घराण्याची मोठी जहागीर होती. ईटन येथील शालेय शिक्षणानंतर त्यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात यंत्रशास्त्राचा अभ्यास केला. उमराव घराण्यात जन्मूनही तेलाने माखलेल्या यंत्रांत त्यांचे मन रमे. १९०३ मध्ये त्यांनी लंडनमध्ये मोटारविक्रीचा व्यवसाय सुरू केला. ४ मे, १९०४ रोजी मँचेस्टर येथे त्यांची हेन्री रॉईस या अभियंत्याशी भेट झाली. रॉईस यांनी मोटारी बनवायच्या आणि रोल्स यांनी त्या विकायच्या, असे ठरले. त्यातूनच १९०६ मध्ये रोल्स-रॉईस कंपनी स्थापन झाली.

विमानविद्या

रोल्स यांनी बलूनमधून १७० पेक्षा अधिक उड्डाणे केली. १९०८ मध्ये फ्रान्समध्ये विल्बर राइट यांच्या विमानात बसल्यानंतर त्यांना विमानाचा ध्यास लागला. कंपनीने विमाने बनवावीत ही त्यांची सूचना संचालकांनी मान्य केली नाही, तेव्हा त्यांनी हळूहळू व्यवसायातून लक्ष काढून घेतले. २ जून, १९१० रोजी डोव्हरहून निघून, फ्रान्सच्या किनाऱ्यावर वळसा घेऊन ते न उतरताच परत आले. इंग्लिश खाडी एकाच उड्डाणात दोन्ही दिशांनी ओलांडणारे ते पहिले वैमानिक ठरले. या उड्डाणास सुमारे ९५ मिनिटे लागली.

अपघाती निधन

यानंतर सहा आठवड्यांच्या आतच बोर्नमथ येथील विमानमेळाव्यात, ठरवून दिलेल्या खुणेच्या जास्तीत जास्त जवळ विमान उतरवण्याच्या स्पर्धेत रोल्स सहभागी झाले. त्यांचे विमान राइट पद्धतीचे, म्हणजे एकावर एक असे दोन पंख असलेले होते. या रचनेत नाक वर-खाली करणारे पृष्ठ पुढच्या बाजूस असे. विमान अधिक स्थिर व्हावे म्हणून रोल्स यांनी मागे आडवे शेपूट नव्याने बसवून घेतले होते. खुणेकडे तीव्र उताराने येत असताना ताण पडून शेपटाचा सांगाडा मोडला. विमान फार उंचीवर नव्हते; परंतु उंची कमी असल्यामुळेच ते सावरण्यास अवधी मिळाला नाही आणि ते प्रेक्षकांसमोर जमिनीवर कोसळले. रोल्स यांचे वय त्या वेळी अवघे ३२ वर्षे होते. स्थैर्यासाठी जोडलेला भागच त्यांच्या मृत्यूस कारण ठरला.

वारसा

मॉनमथ आणि डोव्हर येथे रोल्स यांचे पुतळे आहेत. त्यांच्या हयातीत विमानापासून दूर राहिलेल्या कंपनीने पहिल्या महायुद्धात विमानांची इंजिने बनवण्यास प्रारंभ केला. १९१९ मध्ये अटलांटिक महासागर न थांबता ओलांडणाऱ्या पहिल्या विमानाला रोल्स-रॉईसचीच इंजिने होती.