संतकवी श्रीसोहिरोबानाथ आंबिये

पेडणे महालातील मुलांच्या कानांवर लहानपणीच ज्या संतांच्या कथा पडतात, त्यांत श्रीसोहिरोबानाथांची कथा अग्रस्थानी आहे. संत म्हणजे काय, हे चार-पाच वर्षांच्या मुलास कळत नाही. परंतु फणस म्हणजे काय, हे कोकणातील मुलास निश्चित कळते. सोहिरोबांची कथा ही फणसाचीच कथा असल्यामुळे ती मुलांस गोड लागते. मूल मोठे झाल्यावर त्या कथेतील फणसच तेवढा त्याच्या स्मरणात उरतो, की आणखी काही उरते? हा प्रश्न मनात धरूनच आम्ही हे चरित्र सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

आंबिये घराण्याचे मूळ गाव पेडणे महालातील पालये. पुढे हे घराणे तेरेखोल नदीच्या काठी, सावंतवाडीकर भोसल्यांच्या राज्यातील बांदे येथे राहू लागले. तेथे १७१४ साली सोहिरोबांचा जन्म झाला. घराकडे गावची कुलकर्णकी होती. तेव्हा दफ्तर सांभाळणे, जमिनीचा व वसुलीचा हिशेब ठेवणे आणि सरकारचे बोलावणे आले म्हणजे तातडीने हजर होणे, हा क्रम त्यांच्या वाट्यास आला. पत्नी, मुले, वतन, मानमरातब, सर्व काही यथास्थित होते. वयाच्या पस्तिशीपर्यंत जगाच्या दृष्टीने ते एक सुखवस्तू गृहस्थ होते.

यापुढचा प्रसंग परंपरेने सांगितला जातो. राजदरबारचे बोलावणे आल्यावरून सोहिरोबा बांद्याहून सावंतवाडीस निघाले. वाटेत रान लागले, ऊन चढले, भूक लागली. बरोबर पिकलेला फणस होता. तो फोडून ते खावयास बसले. इतक्यात रानातून एक तेजस्वी योगी पुढे आला व त्याने खावयास मागितले. सोहिरोबांनी आपल्यापुढचे गरे त्याच्यापुढे केले. योगी तृप्त झाला, त्याने मस्तकी हात ठेविला आणि तो दिसेनासा झाला. ते गहिनीनाथ होते, अशी श्रद्धा आहे. इन्सुली गावी ते स्थान दाखविले जाते आणि भाविक आजही तेथे दर्शनास जातात.

येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील, की गहिनीनाथ हे तर श्रीनिवृत्तिनाथांचे गुरू, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पिढीच्याही आधीचे. मग जवळजवळ पाचशे वर्षांनंतर ते इन्सुलीच्या रानात कसे भेटावे? इतिहासाच्या मापाने हे मोजता येणार नाही. नाथपंथ आपल्या नाथांस चिरंजीव मानतो, आणि या कथेचा अभिप्राय असा, की ज्या हातून आळंदीस ज्ञान पोहोचले, तोच हात कोकणातील एका कुलकर्ण्याच्या मस्तकापर्यंतही पोहोचला.

गहिनीनाथांच्या जन्माची कथा तर बालकांच्या खेळातूनच निघाली आहे. मालू नरहरीने शके १७४१, म्हणजे १८१९ साली पूर्ण केलेल्या नवनाथ भक्तिसार या ग्रंथात ती येते. गोरक्षनाथ संजीवनी मंत्र पाठ करीत बसले होते. भोवती खेळणाऱ्या मुलांनी मातीची गाडी केली आणि गाडी हाकणारा माणूस करून द्या, असा हट्ट धरिला. गोरक्षांनी मंत्र म्हणत म्हणतच चिखलाचा पुतळा घडविला, आणि तो पुतळा रडू लागला. तेच गहिनीनाथ. मुलांच्या हट्टासाठी झालेले मातीचे खेळणे पुढे गुरू झाले! डिचोलीच्या कुंभारांचे चाक ज्याने पाहिले आहे, चवथीपूर्वी मातीच्या गोळ्यातून गणपतीची सोंड निघताना जो टक लावून पाहात उभा राहिला आहे, त्या गोमंतकीय मुलास ही कथा मुद्दाम समजावून सांगावी लागत नाही. मातीत जीव येतो, हे त्याला आधीच ठाऊक असते.

परंतु फणसाची कथा सांगून आपण बहुधा थांबतो, आणि खरे चरित्र तर तेथूनच सुरू होते. त्या प्रसंगानंतर सोहिरोबांनी कुलकर्णीपण सोडून दिले. आजच्या वाचकास यातील गांभीर्य चटकन उमगणार नाही. वतन ही एका माणसाची नोकरी नव्हे. ती पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत आणि गावातील मान होता. ते सोडणे म्हणजे घरातील माणसांनाही निराळ्या, अनिश्चित जीवनात नेणे. गरे देण्यास क्षणभराचे औदार्य पुरले. वतन सोडण्यास मात्र पुढील सारे आयुष्य द्यावे लागले. चमत्कार योग्याने केला असेल, पण हा निर्णय माणसाने केला.

त्यानंतर त्यांच्या हातून विपुल रचना झाली. महदनुभवेश्वरी, अक्षयबोध, पूर्णाक्षरी, अद्वयानंद आणि सिद्धान्तसंहिता हे त्यांचे ग्रंथ. अद्वैत आणि योग हा त्यांचा विषय. तो कठीण खरा, परंतु सोहिरा या नाममुद्रेने त्यांनी रचिलेली पदे गावोगावच्या भजनी मेळ्यांत सहज रुळली. मंगेशीचे सुपुत्र पंडित जितेंद्र अभिषेकी (१९२९–१९९८) यांनी त्यांतील काही पदे गाऊन ती सर्व महाराष्ट्रात पोहोचविली.

साठीच्या सुमारास, १७७४ साली, सोहिरोबा उत्तरेच्या यात्रेस निघाले. फिरत फिरत ते ग्वाल्हेरीस आले. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी हे पेडण्यातील केरी गावचे; केरी आणि पालये ही तर शेजारची गावे. त्यांच्याच मध्यस्थीने महादजींची व सोहिरोबांची भेट झाली, असे सांगतात. १७८४ साली दिल्लीच्या बादशहाने ज्यांच्या हाती आपला कारभार सोपविला, ते महादजी स्वतः कवी होते. त्यांनी आपली कविता संतापुढे ठेविली. तिची स्तुती करून मोठे पद किंवा इनाम मिळविणे कठीण नव्हते. सोहिरोबांनी स्तुती केली नाही, आणि राजाश्रयही घेतला नाही. बांद्यास जे सोडले, तेच ग्वाल्हेरीस शतपटीने मोठे होऊन समोर आले, आणि ते पुन्हा सोडले. पहिला त्याग एका क्षणाचा उमाळा नव्हता, याची ही साक्ष होय.

ते उत्तरेत असताना इकडे मुलूख पालटत होता. १७८१–८२ च्या सुमारास डिचोली व सत्तरी, आणि १७८८ साली पेडणे हे महाल पोर्तुगीजांच्या अंमलाखाली गेले. पूर्वजांचे पालये एका राज्यात आणि जन्माचे बांदे दुसऱ्या राज्यात राहिले. पुढे १७९२ साली उज्जयिनीस सोहिरोबा अदृश्य झाले, असे परंपरा सांगते. राज्यांची सीमा मध्ये आली, तरी त्यांची पदे तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर गाइली जात राहिली. आज पेडण्यातील विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयास त्यांचे नाव आहे.

डिचोलीतील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय आहे. १६६८ साली शिवछत्रपतींनी त्याचा जीर्णोद्धार केला. पेडण्यास श्रीभगवतीच्या दारी दोन भव्य दगडी हत्ती उभे आहेत. अशा स्थळी मुलांस घेऊन जाणाऱ्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती, की सोहिरोबांची कथा त्यांस वयोमानाप्रमाणे सांगावी. सातव्या वर्षी फणस आणि मातीचा पुतळा पुरे. पंधराव्या वर्षी कुलकर्ण्याने सोडलेल्या वतनाची गोष्ट सांगावी. आणि मुलगा किंवा मुलगी नोकरीधंद्यास लागून वरिष्ठांच्या मर्जीचा विचार करू लागली, म्हणजे ग्वाल्हेरीच्या दरबारातील प्रसंग अवश्य सांगावा. कथा अर्ध्यावर थांबवू नये.