नालवाडीतले विनोबा: सुताचा हिशोब आणि रंगाच्या पाण्याचा

ऑनलाइन टी-शर्ट घेताना आपण किंमत, साइज आणि रंग बघतो. तो रंगवताना किती पाणी खराब झालं, ते स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. अशा वेळी मला विनोबा भावे आठवतात. भूदानामुळे नाही, वर्ध्याजवळच्या नालवाडीमुळे.

विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 चा, रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचा. 1916 मध्ये इंटरची परीक्षा द्यायला मुंबईला निघाले, पण वाटेत सुरतेला उतरून थेट काशी गाठली. तिथून गांधीजींच्या आश्रमात. 1921 मध्ये वर्ध्याला आले आणि 1932 च्या अखेरीस नालवाडीला.

गणित त्यांच्या आवडीचं. नालवाडीत त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला: रोज तासन्‌तास सूत कातायचं आणि कातणाऱ्याला मिळते तेवढ्याच मजुरीत जगायचं. त्यात पोट भरेना! म्हणजे खादीच्या किमतीतला काही भाग कातणारी बाई उपाशी राहून भरत होती. 1935 मध्ये चरखा संघाने पोटापुरत्या मजुरीचं धोरण घेतलं. तब्येत ढासळल्यावर 1938 मध्ये विनोबा जवळच पवनारला, धाम नदीकाठी गेले. 1951 मध्ये भूदान सुरू झालं. 15 नोव्हेंबर 1982 ला पवनारलाच ते गेले.

रंगाच्या सांडपाण्यावर विनोबांनी काम केलं नव्हतं. पण हिशोबाची त्यांची रीत इथेही लागू पडते.

सुती कापड रंगवताना सगळा रंग धाग्यावर बसत नाही. उरलेला पाण्यात जातो आणि सहजासहजी कुजत नाही. तो पकडायला अधिशोषक मेंब्रेन वापरता येतं. साध्या गाळणीत भोकापेक्षा मोठं तेवढंच अडकतं. इथे छोटे रेणूसुद्धा पृष्ठभागाला चिकटतात. घरच्या वॉटर प्युरिफायरमधला कार्बन असाच काम करतो. सुती कापडाच्या बऱ्याच रंगांवर पाण्यात ऋण प्रभार असतो. कोळंबीच्या टरफलांपासून बनणाऱ्या कायटोसानवर किंचित आम्लयुक्त पाण्यात धन प्रभार येतो. झालं, दोघं एकमेकांना ओढतात.

पण चिकटायच्या जागा भरल्या की मेंब्रेन धुवावं किंवा बदलावं लागतं. रंग पकडला जातो, नष्ट होत नाही. त्याची वेगळी विल्हेवाट लावावी लागते. हा खर्च कारखान्याने किमतीत धरला नाही, तर तो नदीकाठचं गाव भरतं. म्हणून फार स्वस्त कापड दिसलं, की मी आधी विचारतो: यातलं काय कुणी दुसऱ्याने भरलंय?