बालकवींचे स्मारक आणि आटलेले ओढे

लोकप्रिय माणसाच्या मृत्यूनंतर समाज जो शोक करतो, त्यावरून त्या माणसाची थोरवी जितकी कळते, त्याहून अधिक त्या समाजाची ओळख पटते. २००६ सालच्या ४ सप्टेंबरला ऑस्ट्रेलियातील स्टीव्ह अर्विन हा वन्यप्राण्यांचा मित्र, दूरचित्रवाणीमुळे जगभर घरोघरी पोचलेला गृहस्थ, पाकट माशाच्या दंशाने वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मरण पावला. क्वीन्सलँडमधील त्याच्या प्राणिसंग्रहालयाच्या दाराशी लोकांनी फुलांचे ढीग रचले. तो नेहमी वापरीत असे तसले खाकी सदरे आणून त्यांवर निरोपाचे शब्द लिहिले. २० सप्टेंबरची शोकसभा अनेक देशांतील लोकांनी पाहिली. पण त्याच सुमारास तेथील किनाऱ्यांवर काही पाकट मासे शेपट्या छाटलेल्या स्थितीत मेलेले आढळले व कोणी सूडापोटी हे केले असावे असा संशय व्यक्त झाला. ज्याने आयुष्यभर प्राण्यांवर प्रेम करा असे सांगितले, त्याच्या प्रेमाखातर प्राणी मारावेत, हा शोकाचा विपर्यास होय. उलट, पुढच्याच वर्षी त्याच्या नावे केप यॉर्क येथे १,३५,००० हेक्टरांचे अरण्य राखून ठेवण्यात आले. शोकाचे हे दुसरे रूप. यांपैकी आपले रूप कोणते, हा प्रश्न खानदेशातील माणसाने स्वतःला विचारावा असे एक निमित्त आपल्या घरातच आहे. ते म्हणजे बालकवी.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगाव येथे झाला. वडील पोलीस खात्यात नोकरीस. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाचे बालपण खानदेशातल्या गावोगावी विखुरले गेले. शिक्षणाची घडी नीट बसली नाही, परंतु दुसरी एक शाळा त्यांना सतत लाभली. नदीकाठ, ओढे, शेताचे बांध, उंबराची झाडे व श्रावणातले ऊन हीच ती शाळा होय. खानदेश म्हणजे केवळ रखरखीत उन्हाचा मुलूख असे बाहेरच्यांना वाटते. त्या उन्हातून आलेला पहिला पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्यालाच हिरव्या रंगाची खरी किंमत कळते. बालकवींच्या कवितेतील हिरवाईच्या उत्कटतेचे मूळ मला तरी येथेच दिसते.

१९०७ साली जळगावी कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. सतरा वर्षांच्या पोराने भर सभेत कविता म्हटली, सभा चकित झाली आणि कीर्तिकरांनी त्यास बालकवी ही पदवी दिली. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असतो. मात्र हे कीर्तिकर कोण, हे आपण विसरलो. ते लष्करी वैद्यक सेवेतील शल्यवैद्य व नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा व मेजर बसू यांचा ग्रंथ १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला व आजही तो अभ्यासकांच्या हाताशी असतो. मराठीतील सर्वश्रेष्ठ निसर्गकवीला त्याचे नाव देणारा मनुष्य झाडापानांचा शास्त्रज्ञ असावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. निसर्गावरील प्रेम आणि निसर्गाचे ज्ञान त्या दिवशी जळगावात एका व्यासपीठावर होती. पुढे आपण प्रेम मराठीच्या तासाला व ज्ञान विज्ञानाच्या तासाला वाटून दिले. दोघांची भेट पुन्हा क्वचितच झाली.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी नेले. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोराप्रमाणे सांभाळले. त्याचे रुसणे, फुगणे व पुन्हा परतणे यांची चित्रे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहेत. नगर, पुणे, महाबळेश्वर अशी भटकंती झाली. नोकरी कोठे स्थिरावली नाही व संसारही सुखाचा झाला नाही. प्रारंभीच्या आनंदाच्या कवितेवर पुढे उदासीनतेची छाया पडली. पाखराच्या एकाकी घुमण्यात त्यांना स्वतःच्याच मनाचा सूर ऐकू येऊ लागला. जेमतेम दीडशेच्या वर कविता मागे ठेवून, ५ मे १९१८ रोजी जळगावनजीक भादली स्थानकापाशी रूळ ओलांडताना आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

या मृत्यूचा शोक कोणी करायचा? पदवी देणारे कीर्तिकर आदल्या वर्षीच गेले होते. स्नेही राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये आणि पालनकर्ते टिळक मे १९१९ मध्ये निवर्तले. त्याच १९१८ साली पाऊस चुकला व इन्फ्लुएन्झाच्या साथीने घरेच्या घरे ओस पाडली. अशा काळात एका निर्धन कवीसाठी मिरवणूक कोठून निघणार? त्यांचा शोक सभांतून झाला नाही. तो पुढे शतकभर शाळेच्या वर्गांत होत राहिला. श्रावणातल्या एखाद्या दुपारी गुरुजींनी कविता म्हणावी, साठ मुलांनी ती मागून म्हणावी व बाहेर खरोखरच ऊनपावसाचा खेळ चालू असावा, याहून मोठी श्रद्धांजली कवीला मिळत नाही. ही पुण्याई प्राथमिक शिक्षकांची आहे.

परंतु या स्मारकाचा पाया आता खचू लागला आहे. वर्गात कविता आहे, मात्र खिडकीबाहेरचा ओढा आटला आहे. गिरणेच्या पात्रातील वाळूचा उपसा कोणापासून लपलेला नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरी खोल गेल्या, मग कूपनलिका आल्या, त्याही खोल गेल्या. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला पोट आहे व कर्जही आहे. दोष आपल्या हिशेबाच्या रीतीत आहे. मी अर्थशास्त्र शिकवितो, म्हणून हे कबूल करणे माझे कर्तव्य ठरते. ट्रकभर वाळू विकली गेली की राष्ट्रीय उत्पन्नात भर पडते. पण त्यापायी आटलेला झरा त्या उत्पन्नातून वजा होत नाही. जी वस्तू बाजारात येत नाही, तिला किंमत नाही असे आमचे शास्त्र सहसा धरून चालते. बालकवींनी अशाच वस्तूंची किंमत सांगितली. ज्यांचे बिल कोणी फाडत नाही, त्या गोष्टींवर मनुष्याचे सुख किती अवलंबून असते, हे त्यांना उमगले होते.

बालकवींच्या स्मारकाचा विषय धरणगावात वर्षानुवर्षे चर्चिला गेला आहे. स्मारकाची वास्तू व्हावी, जरूर व्हावी. तथापि वास्तूला निधी लागतो, निधीला मंजुरी लागते आणि मंजुरीला पुढाऱ्यांची सवड लागते. ओढ्याला एवढे काही लागत नाही. जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने व महाविद्यालयाने आपल्या हद्दीजवळचा एक ओढा आपला मानावा. तो कोणत्या महिन्यात वाहतो, कोणत्या महिन्यात आटतो, त्याच्या काठी कोणती झाडे व कोणते पक्षी आहेत, याची वही विद्यार्थ्यांनी दरवर्षी भरावी. १३ ऑगस्टला, ऐन पावसाळ्यात, ती वही गावासमोर वाचली जावी. मराठीच्या शिक्षकाने कविता म्हणावी, विज्ञानाच्या शिक्षकाने झाडांची नावे सांगावी व माझ्यासारख्याने हिशेब मांडावा. दहा वर्षांच्या अशा वह्या हाती असल्या, तर वाळूच्या ठेक्याविषयी बोलताना ग्रामसभेजवळ भावनेखेरीज पुरावाही असेल.

२०१८ साली बालकवींच्या मृत्यूस शंभर वर्षे झाली. आणखी शंभर वर्षांनी त्यांच्या कविता पाठ म्हणणारी मुले असतीलच, याविषयी मला शंका नाही. ओढा म्हणजे काय, हे त्या मुलांना शब्दार्थाच्या यादीतून सांगावे लागू नये, एवढीच काळजी आपण करावयाची आहे.