दाढदुखीवर दोन गोळ्या? फ्लेमिंग यांनी तेव्हाच बजावलं होतं

सोलापूर : दाढ ठणकली की अनेक जण मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या आणतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना (१८८१-१९५५) हीच भीती होती.

स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याचा हा मुलगा लंडनमध्ये डॉक्टर झाला. लाळ आणि अश्रूंमध्ये जंतू फोडणारं लायसोझाइम नावाचं प्रथिन असतं, हे त्यांनी १९२२ मध्ये मांडलं. पण बहुतेक घातक जंतूंपुढे ते कमी पडलं. १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडलं, १९४५ मध्ये नोबेल मिळालं. अपुऱ्या डोसमुळे जंतू औषधाला जुमानेनासे होतात, हे त्यांनी नोबेलच्या भाषणातच सांगितलं.

आता संशोधक पुन्हा लाळेकडे वळलेत. तिच्यातही असतात तसे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, वापरून दात किडवणारा ‘स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स’ तेवढाच मारायचा प्रयत्न सुरू आहे.