अक्षरापासून राज्यघटनेपर्यंत : फ्रेडरिक डग्लस यांचे जीवन

आपल्या शाळेत दररोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. मुलांना ती इतकी मुखोद्गत असते की मध्येच थांबवून एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, तर ती गोंधळून एकमेकांकडे पाहतात. संविधान पाठ असणे आणि ते वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद ज्यांच्या चरित्रातून स्पष्ट दिसतो, अशा एका थोर पुरुषाची ओळख या स्मरणिकेच्या निमित्ताने करून द्यावी असे आम्हांस वाटते. ते म्हणजे अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी लढ्याचे नेते फ्रेडरिक डग्लस.

मेरीलँड राज्यातील टॅल्बट परगण्यात १८१८ साली हॅरिएट बेली या गुलाम स्त्रीच्या पोटी फ्रेडरिकचा जन्म झाला. आई दुसऱ्या मळ्यावर राबत असे. दिवसभराचे काम संपल्यावर बारा मैल पायी चालून ती रात्री मुलाला भेटायला येई आणि सूर्योदयापूर्वी परत जाई. फ्रेडरिक सात-आठ वर्षांचा असतानाच ती वारली. आपली नेमकी जन्मतारीख त्याला आयुष्यभर कळली नाही. पुढे १४ फेब्रुवारी हा दिवस त्याने स्वतःच वाढदिवस म्हणून ठरवला. आमच्या पिढीतील कित्येकांचा वाढदिवस १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख लिहिली. ज्यांच्या जन्माची दखल कोणी घेतली नाही, त्यांचे दुःख आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१८२६ मध्ये त्याला बाल्टिमोर शहरातील ऑल्ड कुटुंबाकडे पाठवण्यात आले. मालकीण सोफिया ऑल्ड हिने कौतुकाने त्याला मुळाक्षरे शिकवण्यास सुरुवात केली. तिच्या पतीला हे कळताच त्याने ते तत्काळ बंद केले. गुलामाला वाचता आले तर तो गुलाम म्हणून उपयोगाचा राहणार नाही, असे त्याने पत्नीला बजावले. मुलाने ते ऐकले, आणि मालकाला ज्याची भीती वाटते त्यातच आपली सुटका आहे हे त्याने ओळखले. घरातील पाव खिशात घालून तो बाहेर पडे आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून धडे घेई. बारा-तेरा वर्षांचा असताना साठवलेल्या पन्नास सेंटमध्ये त्याने वक्तृत्वाचे एक पाठ्यपुस्तक विकत घेतले. पुढे ग्रामीण भागात परत पाठवले गेल्यावर त्याने रविवारी चोरून शाळा भरवली. तेथे चाळीसहून अधिक गुलाम अक्षरे गिरवू लागले.

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाच्या वेषात, एका मुक्त कृष्णवर्णीय खलाशाची कागदपत्रे जवळ बाळगून, डग्लस बाल्टिमोरहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कला पोहोचले. या पलायनाला अॅना मरे या मुक्त स्त्रीने आपल्या बचतीतून साहाय्य केले होते. थोड्याच दिवसांत दोघे विवाहबद्ध झाले व न्यू बेडफर्ड येथे स्थायिक झाले. १८४१ पासून विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या चळवळीचे वक्ते म्हणून ते गावोगाव फिरू लागले. १८४५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात मालकाचे नाव उघड केलेले असल्याने पकडले जाण्याचा धोका निर्माण झाला आणि त्यांना आयर्लंड व इंग्लंड गाठावे लागले. तेथील स्नेह्यांनी १५० पौंड देऊन मालकाकडून त्यांची कायदेशीर मुक्तता करून घेतली.

येथून पुढचा भाग आम्हांस सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेत गुलाम हा शब्द कोठेही नव्हता. तरीही प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांच्या संख्येचा तीन पंचमांश भाग धरावा आणि पळालेला गुलाम मालकाला परत करावा, अशा तरतुदी तिच्यात होत्या. म्हणून ही घटना म्हणजे गुलामगिरीशी केलेला करार आहे, तिच्याखाली मतदानही करू नये, असे गॅरिसन यांचे मत होते. डग्लसही अनेक वर्षे तेच सांगत होते. १८४७ मध्ये रोचेस्टर येथे त्यांनी स्वतःचे वृत्तपत्र काढले. संपादक झाल्यावर आपण जे सांगतो ते तपासून पाहणे त्यांना भाग पडले. त्यांनी घटना स्वतः वाचली, भिन्न मताच्या लोकांशी वाद घातले आणि १८५१ मध्ये आपले मत बदलल्याचे जाहीर केले. घटनेच्या प्रारंभी न्याय आणि स्वातंत्र्य ही उद्दिष्टे सांगितली आहेत, लोक या शब्दाला रंगाची अट नाही. तेव्हा ही घटना गुलामगिरीच्या विरुद्ध वापरता येते, अशी त्यांची भूमिका बनली. यामुळे गुरुस्थानी असलेल्या गॅरिसन यांच्याशी त्यांचे संबंध तुटले. केवळ गुरू सांगतात म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही कालाम सुत्तातील तथागतांची कसोटी येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

मत बदलले म्हणून त्यांची वाणी मवाळ झाली नाही. ५ जुलै १८५२ रोजी रोचेस्टर येथील भाषणात स्वातंत्र्यदिन साजरा करणाऱ्या राष्ट्राच्या ढोंगावर त्यांनी कठोर प्रहार केला, आणि त्याच भाषणात घटनेच्या बाजूने युक्तिवादही केला. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस नागरिक होऊच शकत नाही असा निकाल दिला. तरीही त्यांनी घटनेवरचा आपला हक्क सोडला नाही.

यादवी युद्धात त्यांनी कृष्णवर्णीय तरुणांची सैन्यात भरती केली. त्यांत त्यांचे दोन पुत्रही होते. गोऱ्या सैनिकाला महिना १३ डॉलर मिळत, कृष्णवर्णीयाला १० आणि त्यातूनही ३ डॉलर कपड्यांसाठी कापले जात. हा अन्याय त्यांनी १८६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यापुढे प्रत्यक्ष मांडला. युद्धानंतर १८६५, १८६८ आणि १८७० च्या घटनादुरुस्त्यांनी गुलामगिरी नष्ट केली, नागरिकत्व दिले आणि वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. शेवटच्या दुरुस्तीत स्त्रियांना स्थान नव्हते. १८४८ च्या सेनेका फॉल्स परिषदेत स्त्रियांच्या मताधिकाराला पाठिंबा देणाऱ्या डग्लस यांनी ती दुरुस्ती उचलून धरली, तेव्हा जुन्या सहकारी स्त्रिया दुखावल्या. त्यांची नाराजी निराधार नव्हती, असे आम्हांस वाटते.

मिळालेले हक्क मात्र टिकले नाहीत. १८७७ मध्ये दक्षिणेतील केंद्रीय सैन्याचे संरक्षण काढून घेण्यात आले. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्क कायदा निष्प्रभ केला. झुंडी माणसांना झाडाला लटकवू लागल्या. घटनेतील शब्द तेच होते. ते अमलात आणण्याची इच्छा संपली होती. या काळात डग्लस यांना मोठी सरकारी पदे मिळाली, हैतीमध्ये ते अमेरिकेचे राजदूत होते. परंतु पंचाहत्तरी ओलांडल्यावरही ते झुंडबळींविरुद्ध बोलत राहिले. २० फेब्रुवारी १८९५ रोजी वॉशिंग्टनमधील स्त्रियांच्या सभेला उपस्थित राहून ते घरी आले आणि त्याच संध्याकाळी त्यांचे निधन झाले.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, तेव्हा डग्लस हयात होते. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांना जाऊन अठरा वर्षे झाली होती, आणि त्या देशात घटना असूनही वर्णभेद कायदेशीर होता. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे वाईट निघाले तर ते वाईट ठरते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. डग्लस यांच्या अखेरच्या वीस वर्षांचा इतिहास वाचताना त्या इशाऱ्याचे गांभीर्य अधिक जाणवते.

विद्यार्थी मित्रहो, डग्लस यांना एक-एक अक्षर पावाच्या तुकड्याने विकत घ्यावे लागले. तुमच्या वसतिगृहात पावही आहे आणि पुस्तकही. उद्याच्या परिपाठात उद्देशिका म्हणून झाली की तिच्यातील एक शब्द निवडा आणि त्याचा अर्थ आम्हांला विचारा. आमचे उत्तर पटले नाही, तर ग्रंथालयात जाऊन संविधान उघडा.