कार्लोस रोमुलो : पत्रकार, कुलगुरु व शिक्षणमंत्री

आशिया खंडांतील सर्वांत मोठी कॅथलिक प्रजा फिलिपाईन्स बेटांत आहे. त्या देशाचे एक नामांकित पुरुष कार्लोस रोमुलो यांचें चरित्र येथें देत आहों.

त्यांचें बालपण तार्लाक प्रांतांतील कामिलिंग गांवीं गेलें. वडील अमेरिकन सैन्याविरुद्ध लढले होते. पुत्र अमेरिकनांचीच भाषा शिकून तींत निष्णात झाले. १९१८ सालीं मनिला येथें पदवी व १९२१ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. ही परीक्षा, असा त्यांचा विद्याभ्यास झाला. कांहीं काळ अध्यापन केल्यावर ते वृत्तपत्रांकडे वळले. १९३५ सालीं नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठानें अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासमवेत त्यांसही सन्मान्य पदवी दिली.

१९४१ सालीं ते चीन, ब्रह्मदेश, सयाम, इंडोचायना व डच ईस्ट इंडीज या देशांत हिंडले. पाश्चात्त्य अंमलाला कंटाळलेली प्रजा आणि जपानचें येऊं घातलेलें युद्ध, दोन्ही त्यांनीं आपल्या लेखांत दाखविलीं. त्या लेखांस १९४२ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें; पण तोंवर युद्ध त्यांच्या दारीं आलें होतें. कोरेजिदोर बेटावरून ते नभोवाणीनें लोकांस धीर देत. एप्रिल १९४२ मध्यें बाताआन पडलें तेव्हां डागडुजी केलेल्या एका जुनाट विमानांतून ते निसटले. पत्नी व मुलें मागेंच राहिलीं, तीं त्यांस १९४५ सालीं भेटलीं.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथें, स्वदेश अद्याप परतंत्र असतां, परतंत्र प्रजांसाठीं राष्ट्रसंघाच्या सनदेंत ‘स्वातंत्र्य’ हा शब्द यावा म्हणून ते झगडले आणि तो आला. १९४९ सालीं आमसभेचे ते पहिले आशियाई अध्यक्ष झाले. १९५५ सालीं बांडुंग येथें लष्करी करारांविषयीं त्यांचा पंडित नेहरूंशीं स्पष्ट मतभेद झाला.

१९६२ सालीं वॉशिंग्टनचें वकीलपद सोडून ते फिलिपाईन्स विद्यापीठाचे कुलगुरु झाले. अमेरिकेची नक्कल न करतां विद्यापीठानें स्वदेशाकडे व आशियाकडे पाहावें, अशी त्यांची धारणा होती. १९६५ सालीं तेथें अर्थशास्त्राचें विद्यालय आणि वृत्तपत्र व नभोवाणी यांची विद्या शिकविणारी संस्था निघाली. जुन्या पत्रकारास या दुसऱ्या संस्थेचें कौतुक अधिक वाटलें असावें! १९६६ पासून ते शिक्षणमंत्रीही होते. विद्यापीठ चालविणारा व सरकारचा मंत्री एकच असावा, हें आम्हांस फारसें रुचत नाहीं.

१९६८ सालीं त्यांनीं परराष्ट्रखातें घेतलें. सप्टेंबर १९७२ मध्यें मार्कोस यांनीं लष्करी अंमल जाहीर केला, वृत्तपत्रें बंद झालीं, पत्रकार तुरुंगांत गेले. येथें चरित्रकाराची लेखणी अडखळते, कारण एका शब्दासाठीं जगाशीं झगडलेले रोमुलो १९८४ पर्यंत त्याच सरकारांत राहिले.

१५ डिसेंबर १९८५ रोजीं ते निवर्तले. दोन महिन्यांनीं कार्डिनल सिन यांनीं कॅथलिक नभोवाणीवरून लोकांस हांक दिली, मनिलाचे रस्ते जपमाळा घेतलेल्या माणसांनीं भरले आणि मार्कोस देश सोडून गेले. ती हांक ऐकण्यास रोमुलो नव्हते.