आधारस्वर

मूकपटांच्या काळात शिकागोच्या चित्रपटगृहांत पडद्यासमोर वाद्यवृंद बसत असे. पडद्यावरील पाठलागाला, विरहाला सूर देणाऱ्या त्या वादकांमध्ये आपणही व्हायोलिन घेऊन बसावे, असे मिल्ट हिंटन या तरुणाचे स्वप्न होते. व्हायोलिन त्याला आईने तेराव्या वर्षी दिले होते.

मिल्टचा जन्म १९१० साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, व्हिक्सबर्ग येथे झाला. आजीने प्रत्यक्ष गुलामगिरी भोगलेली होती. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, तरी कृष्णवर्णीयांच्या जिवाची शाश्वती नव्हती. जमावाने एका कृष्णवर्णीयाला झाडाला टांगून मारल्याचे दृश्य मिल्टने बालवयातच पाहिले. पुढे, १९१९ मध्ये, तो शिकागोला आला.

१९२७ नंतर बोलपट आले आणि चित्रपटगृहांतील वाद्यवृंद उठले. गोऱ्यांच्या वाद्यवृंदात कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाला जागा नव्हती. इतक्या वर्षांची साधना निरुपयोगी ठरली. जॅझच्या वाद्यमेळांत मात्र बास वाजविणारे हवे होते. हिंटन यांनी व्हायोलिन बाजूला ठेवले आणि बास उभा केला. उभा केला असेच म्हणावयास हवे, कारण हे चार तारांचे वाद्य माणसाएवढे उंच असते आणि वादक त्याच्या शेजारी उभा राहून बहुधा बोटांनी तारा छेडतो. जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये रुजलेले, उत्स्फूर्त विस्ताराला महत्त्व देणारे संगीत. आपल्याकडे तानपुरा आधार देतो आणि तबला ठेका धरतो. जॅझमध्ये या दोन्ही कामांचा मोठा भार बासवर असतो. ऐकणाऱ्याचे लक्ष त्याच्याकडे क्वचितच जाते, परंतु तो थांबला की सारा मेळ विस्कटतो.

१९३६ मध्ये हिंटन कॅब कॅलोवे यांच्या विख्यात वाद्यवृंदात दाखल झाले व १९५१ पर्यंत तेथे राहिले. तेथेच डिझी गिलेस्पी हा तरुण ट्रम्पेटवादक आला. तो हिंटन यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. परंतु त्याच्या डोक्यात नव्या स्वरसंगतींचे वारे वाहत होते. कार्यक्रमाच्या मध्यंतरात न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबच्या गच्चीवर जाऊन हिंटन त्याच्याकडून त्या शिकत. एवढे जड वाद्य वर वाहून न्यायचे आणि धाकट्याकडून धडा घ्यायचा, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

प्रवासात त्यांच्यापाशी कॅमेरा असे. दक्षिणेतील रेल्वे स्थानकांवर कृष्णवर्णीयांसाठी वेगळी प्रवेशद्वारे होती. तेथील पाट्यांखाली उभे असलेले आपले सहकारी त्यांनी टिपले. नावाजलेले हे कलावंत रंगमंचावर टाळ्या घेत आणि स्थानकात वेगळ्या दारातून आत जात. जवळजवळ साठ हजार छायाचित्रांचा तो ठेवा आज जॅझच्या इतिहासाचे मोलाचे साधन मानला जातो.

वाद्यवृंद सुटल्यावर काही काळ हिंटन यांना कामासाठी वणवण करावी लागली. जॅकी ग्लीसन या लोकप्रिय विनोदी नटाच्या साहाय्याने त्यांना न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणगृहांत प्रवेश मिळाला. तेथे नियमित काम मिळविणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय वादकांत त्यांची गणना होते. पुढे बिली हॉलिडे, अरेथा फ्रँकलिन यांच्यासारख्या गायिकांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांचा बास घुमला. बहुतेक श्रोत्यांना वादकाचे नाव ठाऊक नसे. काम देणाऱ्यांना मात्र ते पक्के ठाऊक होते.

साठी ओलांडल्यावर त्यांनी न्यूयॉर्कमधील हंटर आणि बरूक या महाविद्यालयांत अध्यापन सुरू केले. क्वीन्स भागातील त्यांच्या घरीही तरुण वादकांची ये-जा असे. पत्नी मोना सर्वांची आस्थेने विचारपूस करीत. १९८० मध्ये, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त, मित्रांनी आणि शिष्यांनी निधी उभारला. होतकरू बासवादकांना शिक्षणासाठी त्यातून शिष्यवृत्ती देण्यात येऊ लागली.

१९ डिसेंबर २००० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, न्यूयॉर्क येथे हिंटन यांचे निधन झाले.